फाइंडर धूसर झालाय

कुझुमेसान आले तेव्हा अबाशिरीच्या बंदरात
बर्फ अजून लागला नव्हता.
कॅमेरा गळ्यात नव्हता, कोटाच्या आत होता, छातीशी.
बॅटऱ्या उबेत ठेवायची ही त्यांची जुनी खोड.
"फाइंडर धूसर झालाय," म्हणाले. "साफ करून द्या."

सव्वा किलोचं धूड.
काळा रंग कोपऱ्यांवर उडून पितळ वर आलेलं,
अंगठा जिथे टेकतो तिथे सहाणेसारखा खळगा.
डाव्या खांद्यावर पोचा.
"हा नेमुरोचा. बोटीत आधी मी पडलो,
मग हा माझ्यावर. मला जास्त लागलं."

मागचं दार उघडलं.
टायटॅनियमचे पडदे, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ,
त्यांवर मधाच्या पोळ्याची नक्षी.
खटका दाबला. एक सेकंद म्हणजे एक सेकंद.
हजारावा भाग म्हणजे
नुसती खिडकी लवल्यासारखी.
"रिकुबेत्सुला उणे सत्तावीस होतं,
सगळ्यांची यंत्रं मेली,
हा चालू. तुमच्या वडिलांनी आतलं तेल पुसून काढलं होतं.
म्हणाले, याला थंडीत कोरडंच राहू दे."
वडिलांचं हे वाक्य मला माहीत नव्हतं.

मग प्रिझमचं डोकं सरकवून काढलं.
पंचकोनी काच, चांदीचा मुलामा शाबूत.
बुरशी नाही. स्क्रीनवर धुळीचा कण नाही.
आरसा असा, की माझ्याच नाकपुडीची लाज वाटावी.
परत बसवून डोळा लावला:
रस्त्यापलीकडे खेकडेवाल्याची पाटी,
अक्षर न् अक्षर,
दारातल्या बाईच्या हातमोज्याचा
उसवलेला लाल धागा.

मी कॅमेरा खाली ठेवला.

ते बोलतच होते.
"लोकांना वाटतं, फोटोवाल्याला सगळं दिसतं.
अहो, बटण दाबलं की आरसा वर जातो.
उजेड फिल्मला, काळोख आपल्याला.
समुद्रगरुडाने मासा उचलला
तो क्षण मी पाहिलेलाच नाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिला, बायकोसोबत.
ती म्हणाली, काय नजर आहे हो तुमची!"
हसले.
मग टेबलावर डावीकडे चाचपत टोपी शोधू लागले.
टोपी उजवीकडे होती.

मी आत गेले.
वडिलांच्या खणात, औषधाच्या पुडीसारख्या कागदात
उजळ जातीची एक स्क्रीन होती, ती घातली.
डोळ्याच्या खाचेत नवी काच, नवं रबर.
आणखी काय करणार?
आरसा खाली येतो की नाही
हे शंभर वेळा दाबून पाहिलं.
शंभर वेळा आला.

त्यांनी खिडकीकडे रोखून बराच वेळ पाहिलं.
बोटं रिंगवर मागेपुढे,
मागेपुढे,
रेडिओवर हरवलेलं स्टेशन शोधावं तशी.
"थोडा सुधारलाय," म्हणाले.
"पैसे घ्याच. आणि पावतीवर बिघाड लिहा.
तुमचे वडील लिहायचे."

दुरुस्ती: स्क्रीन बदलली.
शेरा: आरसा जागेवर परततो.
'बिघाड' या रकान्यावर पेन थांबलं.
स्टोव्हवरची किटली उगाच बडबडत होती.
शेवटी एक आडवी रेघ ओढली,
जरा लांबच झाली.

पावती त्यांनी वाचली नाही. चार घड्या करून
कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
वर कॅमेरा.
दारात थांबले, मान तिरपी करून.
"आज लाटांचा आवाज कमी झालाय," म्हणाले.
"रात्रीत वाहता बर्फ येईल."

मी बाहेर बघितलं.
समुद्र क्षितिजापर्यंत मोकळा होता.